पेसाहच्या तोंडावर भिजलेला गहू

आईचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते.

"आभाळ आलंय गं," ती म्हणाली. "आणि गहू गच्चीवर वाळत घातलाय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. अकोल्यात रणरणतं ऊन होतं. पण अमरावतीत काय असेल ते इथून सांगता येत नाही, आणि आईचे गुडघे असे की जिना चढायचा तर ती कठड्याला धरून एकेक पायरी घेते. मी म्हटलं, "शेजारच्या वहिनींना हाक मार ना."

"ती बाजारात गेलीय भाजी घेऊन. दाराला कुलूप आहे."

"मग ताडपत्री तरी टाक. नाहीतर राहू दे, तू जिना चढू नकोस."

"बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. म्हणजे ती चढणार, हे मला कळलं. मी पेपर बांधले, खातेप्रमुखांना सांगितलं आणि स्टेशन गाठलं.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. वडील वीज खात्यात होते. बदलीवर अमरावतीला आले, आईला अलिबागजवळच्या गावातून इकडे घेऊन आले, आणि पुढे इथेच घर झालं. आता वडील नाहीत. धाकटा भाऊ इस्रायलमध्ये असतो. मी बडनेरा-अकोला जाऊन-येऊन नोकरी करते, आणि घरात आम्ही दोघी. आमच्या माहितीत तरी शहरात दुसरं ज्यू घर नाही. आमच्या पद्धतीने कापलेलं मटण इथे मिळत नाही, म्हणून घरात मटण शिजत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवे लागतात, मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जातो, आणि शनिवारी आमच्याकडे मिक्सरसुद्धा फिरत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. "ते शनिवारवाले" एवढी ओळख इथे पुरते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेसाह लागणार होता. आमचे पूर्वज इजिप्तच्या गुलामीतून घाईने निघाले, कणीक आंबायलाही वेळ मिळाला नाही, त्याची आठवण म्हणून हा सण. या दिवसांत गव्हाचं आंबलेलं काही खायचं नाही, आणि घरातही ठेवायचं नाही. त्या आंबलेल्याला हामेस म्हणतात. आईच्या माहेरी तर या सणाचं नावच अनशी ढाकाचा सण, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. कोरडा आख्खा गहू घरात असला तर अडत नाही. पण तोच गहू भिजून तसाच पडला, तर त्याचाही हामेस होतो.

आणि चैत्रात वऱ्हाडातलं प्रत्येक घर वर्षाचा गहू भरतं. वडील असताना आमच्याकडे तो सण आटोपल्यावरच यायचा. या वर्षी वहिनींच्या भावाची चांदूर बाजारहून गाडी येणार होती, तेव्हा आईने मला न विचारता दोन पोती त्यांच्याकडूनच उतरवून घेतली. मी घरी आले तर पोती ओट्यावर. मी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. कारण भावाने तिकडे आमचे कागद सुरू केले होते. दिवाळीच्या आसपास आपण तिकडे कायमचं जायचं, असं तिघांत ठरत आलं होतं. आई "बघू" म्हणायची. मीही "बघू" म्हणायचे. आणि ती वर्षाचा गहू घेऊन बसली होती.

गाडी मूर्तिजापूरपर्यंत उन्हातच चालली. पुढे वारा सुटला, डब्यात धूळ आली, आणि बडनेऱ्याच्या अलीकडे खिडकीवर टपोरे थेंब वाजायला लागले. मी आईला फोन लावत होते, ती उचलत नव्हती. डब्यात शेजारी बसलेल्या बाईने मला विचारलं, "कोणी दवाखान्यात हाय का?" मी नाही म्हटलं. काय सांगणार होते? गहू भिजतोय म्हणून मी अशी धावत निघालेय, हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. आई गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली, पदर ओला. ताडपत्री तिने एका अंगाला ओढली होती. दुसऱ्या अंगाने वाऱ्याने ती उलटवून टाकलेली. गारांचा चुरा गव्हात मिसळून वितळत होता.

"पडलीस का?"

"नाही गं. बसले फक्त." मग म्हणाली, "सगळा नाही भिजला. खालचा कोरडा असेल."

मी हात घातला. खालपर्यंत ओल होती.

संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती आणि त्याच्या घरात सणाची आवराआवर चाललेली; मागे त्याची बायको फ्रीज पुसत होती. मी त्याला गव्हाचं सांगितलं. तो लग्नानंतर धर्माचं काटेकोर पाळायला लागलाय. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"भिजून किती वेळ झाला?"

"दुपारपासून."

"मग हामेसच. पण ताई, घाबरू नकोस, सोपं आहे. इंटरनेटवर फॉर्म आहे. नाव, पत्ता भरायचा. इथले धर्मगुरू तुमच्या वतीने तो गहू ज्यू नसलेल्या माणसाला विकतात. सण संपला की परत तुमचा. गहू हलवायलासुद्धा नको, एका खोलीत ठेवून दार बंद करायचं."

आई माझ्या खांद्यावरून डोकावली. "म्हणजे गहू माझ्या घरात, आणि मी म्हणायचं, तो माझा नाही?"

"आई, कायद्याने तो तुझा राहत नाही. सगळे असंच करतात."

"करू देत. माझ्या डोळ्यांसमोर पोती असताना मला टेबलाशी बसून आशीर्वाद म्हणता येणार नाही. ज्याला द्यायचा त्याला देऊन टाकते."

"कुणाला?"

"शेजारी. आणखी कुणाला? तुमच्याकडे सगळेच आपले. तिकडे वेळ आली तर द्यायचा कुणाला, सांग बरं?"

भाऊ हसला, पण पुढच्याच क्षणी म्हणाला, "इकडे वर्षाचा गहू लागणारही नाही तुला. दोन पोती घेतलीसच का तू?"

हाच प्रश्न माझ्या तोंडात गेले काही दिवस होता. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "चांगला गहू होता," आणि उठून स्वयंपाकघरात गेली. भावाने मला विचारलं, "ताई, तुम्ही येताय ना?" मी म्हटलं, "सण होऊ दे."

सकाळी उजाडताच आईने मला वहिनींकडे पाठवलं. हामेस दुपारच्या बऱ्याच आधी घराबाहेर जावा लागतो. वहिनी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांच्या घरची भाजीची शेती. सकाळी माल निवडायचा, दुपारी बाजार, असा त्यांचा दिवस. मी म्हटलं, "आई बोलावतेय. गहू द्यायचाय तुम्हाला."

"मले? काहून?"

आईने दारातच सांगितलं, "अगं, भिजलाय. आमच्या सणात घरात चालत नाही. तू घेऊन जा. कायमचा. तुझा झाला तो."

"अवो मावशी, मी वाळू घालून देतो न तुमाले. दोन दिवसांत कडक होते. फेकाले काय झालं?"

इथल्या बायाही 'देतो-जातो' म्हणतात. आईला लग्नानंतर त्याचं फार हसू यायचं म्हणे. त्या सकाळी मात्र ती हसली नाही. "फेकत नाही, तुला देतेय. पण तू स्वतः उचलून तुझ्या उंबऱ्याच्या आत न्यायला हवा. तरच तुझा होतो."

वहिनींनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग पदर खोचला. त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी घमेल्याने गहू भरून नेला. आई शेवटचं घमेलं उंबरा ओलांडेपर्यंत उभी होती. मग मला म्हणाली, "गच्ची झाडून घे. कोपऱ्यातसुद्धा दाणा नको." मी झाडली. एकदा झाडून खाली आले, पुन्हा वर गेले, टाकीच्या मागे हात घालून पाहिलं. मला वाटत होतं, कुठेतरी एक दाणा राहिलाच असणार.

संध्याकाळी टेबलाशी आम्ही दोघीच. मुंबईहून मागवलेली बिनखमिराची भाकरी, खजुराचा रस, कडू पाला, मिठाचं पाणी. घरातल्या सगळ्यात लहानाने चार प्रश्न विचारायचे असतात. ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, असा पहिला. भाऊ तिकडे गेल्यापासून ते माझ्याकडे आलेत. केस पांढरे झालेली मी विचारते, आणि आई लहान मुलाला सांगावं तसं मला उत्तर देते. शेवटी "पुढच्या वर्षी यरुशलेमला" असं म्हणायचं असतं. वडील मोठ्याने म्हणायचे, कधी जायचा विचारही न करता. या वेळी आईने ते म्हटलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता ताटं उचलली.

त्या आठवड्यात मला काहीच धड सुचत नव्हतं. अकोल्याला जात होते, शिकवत होते, येताना गाडीत बसून तिकडच्या भाषेचे धडे मोबाइलवर ऐकायचे आणि अर्ध्यात बंद करायचे. तिकडे जाऊन मी काय करणार? इथे माझी कायमची नोकरी. तिकडे, भावाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल किंवा पाळणाघर. कामाची लाज नव्हती. पण या वयात पुन्हा कुणीतरी नवीन व्हावं लागणार होतं. आणि इथेच राहायचं म्हटलं, की आई गेल्यावर मी एकटी, तिच्यामागे प्रार्थना म्हणायला लागतात तेवढे दहा ज्यू पुरुषही इथे नाहीत, हे आठवायचं.

शनिवारी गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळात भंडारा होता. सकाळी वहिनी दारात आल्या. आमच्याकडे शबाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, त्यामुळे त्या बेल वाजवत नाहीत, हाक मारतात. "मावशी, येजा बरं जेवाले. रोडगे केलेत. तुमचाच गहू हाय! त्या दिवशी लगेच वाळू घातला, जाडसर दळून आणला, अन् देवळात देऊन टाकला अर्धा."

आमच्या घरचा गहू, आमच्या पेसाहात, मूर्तीपुढच्या नैवेद्याला. भाऊ हे ऐकेल तेव्हा काय म्हणेल? आई शांतपणे म्हणाली, "माझा कुठला? तुझा गहू, तू दिलास. पुण्य तुला." आणि वर, "येते मी. पण जेवायची नाही, आमचा सण आहे. रागावू नकोस."

मी आत येऊन म्हटलं, "कशाला जायचं? नाही म्हणता आलं असतं."

"देवळात नाही जात मी. मांडवात बसेन. तिने दारात येऊन बोलावलंय."

ती चालत गेली, माझ्या हाताला धरून. मांडवाबाहेर गोवऱ्यांचा धूर होता, बाया राखेतून रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, काढून फडक्याने झटकत होत्या, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. सगळे आईला ओळखत होते. कुणी खुर्ची दिली, कुणी विचारलं, "काहो मावशी, ताट काहून नाई घेतलं?" आणि प्रत्येकाला आईने तेच उत्तर दिलं. वहिनींनी धावपळीतून येऊन तिच्या हातात दोन केळी ठेवली. "सालीचं तर चालते न?" आईने एक केळं तिथेच सोलून खाल्लं. मी मात्र सारखी उठत होते, बसत होते. भुकेने नव्हे. ताज्या रोडग्यावर तूप सोडल्याचा वास येत होता आणि मला वाटत होतं, आपण इथलेही आहोत आणि नाहीही, आणि तिकडे गेलो तरी असंच असेल.

सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी आणि त्यांचे मालक उरलेलं पोतं घेऊन आले. वाळवलेला, चाळलेला, वर कडुलिंबाचा पाला घातलेला गहू. "घ्या मावशी. तुमचा सण झाला. अर्धा आमी वापरला, त्याच्या बदल्यात घरचा देतो नंतर."

आई म्हणाली, "नाही गं. दिला तो दिला. परत घ्यायच्या बोलीने दिला असता तर ते देणं झालंच नसतं."

"अवो, पण मले काय करायचा हाय? आमच्या घरी पोत्यानं गहू येते."

"तुझा आहे. वीक, कुणाला दे."

वहिनींचा चेहरा बदलला. त्यांचे मालक पोतं खाली ठेवून बाजूला झाले. "मंजे मी काय दान मागाले आलती तुमच्या दारात? इतकी वर्सं झाली, तुमी माह्या घरी चाय सोडून घोटभर काई घेतलं नाई. मी कधी बोलली का? अन् आता तुमाले चालत नाई ते माह्या घरात टाकलं, अन् परत बी घेत नाई. तुमचं पाप होतं का त्याच्यात?"

मी मधे पडून काहीतरी समजावायला लागले, हामेस म्हणजे पाप नसतं, तो नियम फक्त आमच्यापुरता, फक्त त्या दिवसांपुरता. बोलता बोलता मलाच कळत होतं की ते किती पोकळ वाटतंय. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, तुले नाई सांगून राहिली मी," आणि निघून गेल्या. पोतं ओट्यावरच राहिलं.

दिवसभर आई घरातली कामं उरकत राहिली. मी घरात येरझारा घालत होते. पोतं आत घ्यावं की तिकडे नेऊन ठेवावं, काहीच कळेना. दिवेलागणीच्या सुमाराला आईने चपला घातल्या. "चल," म्हणाली.

वहिनी तोंड फिरवून भाजी निवडत होत्या. आई त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली, जिथे ती कधी गेली नव्हती, आणि पाटावर बसायला जमेना म्हणून दाराशी स्टूल ओढून बसली. "त्या गव्हाचं पीठ आहे का?"

"हाय."

"एक पोळी कर मला."

वहिनींनी मान वर केली. "तुमाले चालते माह्या घरचं?"

"भाजी नको. नुसती पोळी. तुझ्या तव्यावरची."

वहिनींनी कणीक मळली, तवा ठेवला. या तव्यावर आमच्यात न चालणारं काय काय झालं असेल ते आईलाही ठाऊक होतं, मलाही. वहिनींनी तो आधी चिंचेने घासून घेतला होता, हे मी पाहिलं. पोळी टम्म फुगली. आईने हात धुतले, डोळे मिटून आशीर्वाद म्हटला, तुकडा मोडला, मिठाला लावला आणि तोंडात घातला. सणानंतरची तिची ती पहिली पोळी होती.

"पाप असतं तर खाल्लं असतं का गं मी?" ती म्हणाली.

वहिनी रडल्या नाहीत. त्या रडणाऱ्यांतल्या नाहीत. "मीठ कमी पडलं असंल," म्हणाल्या, आणि दुसरी पोळी लाटायला घेतली. ती मला होती. पोत्यातला निम्मा गहू त्यांनी ठेवावा, निम्मा त्यांच्या घरून आमच्याकडे भेट म्हणून यावा, असं तिथेच ठरलं. "आता मी देऊन राहिली, तुमी नाई म्हणाचं नाई," असं त्यांनी बजावलं. आई बरं म्हणाली.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. आईने त्याला सगळं सांगितलं. रोडग्यांचं, तव्याचंही. मला वाटलं होतं ती लपवेल. त्याने मधे न तोडता ऐकलं. मग म्हणाला, "आई, तू तिकडे असलीस तर हे असंच होत राहणार."

"होईलच," आई म्हणाली.

"म्हणजे तू येत नाहीयेस."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर माझ्याकडून हवं होतं, आणि मला इतके दिवस ते तिच्याकडून हवं होतं. मी फोन घेतला. "या वर्षी नाही येत आम्ही," मी म्हटलं. "पुढचं मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही."

"तुम्ही आधीच सांगायला हवं होतं, ताई. मी खोली रंगवून घेतली." तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोन ठेवला. त्या शुक्रवारी दिवे लावायच्या आधी त्याचा नेहमीचा कॉल आला नाही, आणि आई काडी हातात धरून मोबाइलकडे बघत राहिली. शेवटी सूर्य मावळायला आला म्हणून तिने दिवे लावले.

पुढच्या आठवड्यात कॉल आला. त्याच्या मुलाची बार मिट्झवा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धर्मसंस्कार, हिवाळ्यात आहे, तो तोरा हा धर्मग्रंथ वाचणार आहे, त्याने आजीला त्यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. आई म्हणाली, "ऐकायला येईन मी. परतीचं तिकीट काढणार असशील तर येईन." भाऊ म्हणाला, "काढतो." एवढंच. पण काढतो म्हणाला.

आता आईच्या पासपोर्टचं काम चालू आहे आणि माझा रजेचा अर्ज मंजूर व्हायचाय. रोज कॉलेजात गेल्यावर मी आधी ऑफिसात डोकावते. बाबू म्हणतो, "होते मॅडम, इतकी घाई काय हाय?" मला त्याला सांगता येत नाही. मग मी वर्गावर जाते, आणि तास संपला की पुन्हा एकदा विचारून येते.